दोरी न सोडलेली विहीर

साहेबराव सोनकांबळे यांच्याबद्दल सांगायचं तर आधी त्यांच्या दोरीबद्दल सांगावं लागतं. सुताची दोरी होती, बोटाएवढी जाड. दर फुटाला गाठ, दर दहा फुटांना लाल चिंधी, आणि टोकाला वजन म्हणून ट्रकच्या चाकाचा एक लोखंडी नट. ऑफिसात त्यांच्या टेबलामागच्या खिळ्याला ती अडकवलेली असायची. खिळा रिकामा दिसला की आम्ही समजायचो, साहेबराव गावं बघायला गेलेत.

मी त्याच ऑफिसात टायपिस्ट होते. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, पण नव्या जिल्ह्याला ऑफिसांसाठी जागा पुरत नव्हत्या. आमच्या वाट्याला एका बंद पडलेल्या डाळमिलचं गोदाम आलं होतं. मशिनीच्या कळांमध्ये तुरीचा भुसा शिरायचा आणि एक अक्षर दाबलं की दोन उठायची. मी तापट आहे, तेव्हा तर जास्तच होते. सकाळी आल्याआल्या मशिनीवर फुंकर मारायची आणि ज्यानं ही जागा भाड्यानं घेतली त्याच्या नावानं बोटं मोडायची, हे माझं पहिलं काम असे. साहेबराव मान वर न करता म्हणायचे, "बिरादारबाई, मशीन बी ऐकून राहिलीय."

ते हुद्द्यानं अनुरेखक, म्हणजे इंजिनियरांनी काढलेले नकाशे मेणकापडावर जसेच्या तसे उतरवून घेणारे. आधी नांदेडला, विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावर होते. जिल्हा नवा झाला, माणसं हवी होती, त्यांनी बदली मागून घेतली. त्यांचं गाव तळणखेडा, नांदेड-लातूर रस्त्यापासून मैलभर आत. तिथं त्यांची आई चांगुणाबाई एकटी राहायची. लातूरला आलो की आईला भेटणं होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात चार-चार महिने जाणं व्हायचं नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात बोअर घेण्याचं काम आमच्याकडे आलं. आदल्या वर्षीही आलं होतं आणि आम्ही त्याची माती केली होती. एजन्सींना मी चार ओळींचं पत्र टाइप केलं होतं, की वीस गावांत बोअर घ्यायचे आहेत, तरी दर कळवावेत. दर आले आणि गाडीही आली. एका गावात ती गल्लीच्या तोंडाशीच अडकली. दुसऱ्या गावाआधीचा नळ्यांचा पूल तिच्या वजनानं बसला. तिसऱ्या गावात बोअर घ्यायच्या जागेवर बरोबर वरून विजेच्या तारा गेल्या होत्या. विसांतले सात बोअर झाले आणि उरलेल्यांचा पत्रव्यवहार दिवाळीपर्यंत चालला.

या खेपेला नांदेडचे व्यंकटराव, ज्यांच्या दोन गाड्या होत्या, स्वतः आमच्या गोदामात आले. तुरीच्या भुशात रुमाल अंथरून बसले आणि आमच्या इंजिनियर साहेबांसमोरच म्हणाले, "दर मागायच्या आधी आम्हाला सांगा तर खरं, काय भोसकायचंय. जमीन कसली, मुरूम किती अन् पाषाण किती फुटावर. रस्ता किती रुंद. पूल गाडी पेलतो का. वरून तार, झाड काय हाय. समदं कागदावर द्या, मग मी एकच दर देतो. पण कागदात जी गावं, तीच गावं. मधेच एक घुसवा म्हनलं तर माझी गाडी थांबणार न्हाई."

साहेबांना ते पटलं. चौतीस गावांची माहिती गोळा करायची आणि मग दरपत्रक मागवायचं ठरलं. काम साहेबरावांकडे आलं, कारण तक्रार न करता उन्हात जाणारा दुसरा कुणी आमच्याकडे नव्हता.

माझ्या मशिनीवर त्या तक्त्याचे रकाने मी आखले. शेवटचा रकाना होता, वस्तीच्या विहिरीत आज किती पाणी. त्यावरच सगळं होतं. एप्रिलमध्ये ज्या वस्तीच्या विहिरीत दोन फूट किंवा जास्त पाणी असेल ती वस्ती पुढच्या वर्षी, असं ठरलं होतं. चौतीसांमधून वीसच घ्यायची होती आणि टँकरही त्याच यादीवर जाणार होते.

साहेबराव एसटीच्या टपावर सायकल टाकून जायचे, फाट्यावर उतरायचे आणि पुढं सायकलनं. पाण्याच्या रकान्यासाठी त्यांचा नियम पक्का होता. कुणाच्या तोंडचं लिहायचं नाही, दोरीचं लिहायचं. कारण पाण्याबद्दल सगळेच खोटं बोलत. एका गावात पंच मंडळींनी विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या आणि विहीर आटून महिना झाला म्हणून शपथ घेतली. साहेबरावांनी फांद्यांच्या फटीतून नट सोडला. दोरी वर आली ती अकरा फूट ओली. पंच हसले, साहेबराव हसले, आणि अकरा फूट लिहून निघून आले.

आणखी एक गोष्ट होती, जी ते हसून सांगत आणि मी हसत नसे. काही गावांत त्यांना आधी आडनाव विचारत. मग कुणीतरी फार अदबीनं पुढं होई, "साहेब, तुम्ही कशाला तरास घेता, दोरी द्या, आम्ही सोडतो." साहेबराव दोरी देत आणि वर आल्यावर ओली गाठ स्वतः मोजत. "विहीर त्यांची, आकडा माझा," म्हणत. मी उदगीरकडच्या शेतकरी घरातली. आमच्या घरी दाराच्या आतल्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असायचा आणि तो कुणासाठी आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मला लाज वाटायची, पण घरी जाऊन तो कप मी फोडला नव्हता, हेही खरं आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते तळणखेड्याला गेले.

गावच्या मोठ्या विहिरीत नेहमीप्रमाणे कुणीतरी दोरी सोडून दिली. पाच फूट. गावाचा प्रश्न मिटला. मग ते आपल्या वस्तीकडे वळले. तिथली विहीर वेगळी होती. छप्पन्न साली धम्म घेतल्यावर वस्तीतल्या बाराजणांनी स्वतः खणलेली, त्यात साहेबरावांचे वडील होते. त्या विहिरीत उतरून माती भरलेल्या टोपल्या चांगुणाबाईनंही वर दिल्या होत्या.

घर विहिरीच्या अलीकडे. ऊन डोक्यावर आलेलं. आई दारातच उभी होती आणि तिच्या हातात तांब्या होता. तांब्या गळ्यापर्यंत भरलेला. साहेबराव पाणी प्याले. पायावर घ्यायलाही तिनं अर्धा तांब्या दिला. मग त्यांनी विचारलं, "आपल्या हिरीला हाय का गं पानी?"

"हाय की," ती म्हणाली. "कंबरभर हाय. तू पी."

त्यांनी दोरी सोडली नाही. चौतीस गावांत फक्त याच एका विहिरीत सोडली नाही. मी पुढं विचारलं तेव्हा ते म्हणाले, की आईसमोर दोरी सोडायची म्हणजे तिच्या बोलण्याची परीक्षा घेतल्यासारखं वाटलं. शिवाय पायावर पाणी पडलं होतं. आटलेल्या विहिरीची बाई पाय धुवायला पाणी देते का? आणि आणखी एक भीती होती, की सोनकांबळेनं आपली वस्ती यादीत घुसवली असं उद्या कुणी म्हणायला नको. कंबरभर म्हणजे तीन फूट. त्यांनी तीन फूट लिहिलं.

तक्ता टाइप करायला माझ्याकडे आला तेव्हा ते शेजारी उभे होते. "आमची वस्ती बसत न्हाई बाई. पानी हाय तिथं."

मी म्हटलं, "लोक आपल्या गावाला आधी बसवतात, तुम्ही उठवून लावता."

ते हसले. त्या हसण्यात थोडा अभिमान होता, मला तो दिसला आणि आवडलाही. मी 'तळणखेडा, बौद्ध वस्ती, तीन फूट' हे माझ्या बोटांनी टाइप केलं. एकही चूक झाली नाही.

तक्ता नांदेडला गेला. व्यंकटरावांनी निरोप पाठवला, की उभ्या आयुष्यात असा स्वच्छ कागद पाहिला नाही. दर आला आणि मंजूर झाला. मेच्या मध्यावर त्यांची गाडी नांदेडहून निघाली, आणि जागा दाखवायला साहेबराव वाटेवरच्या लोहा गावापासून तिच्यात बसले.

पुढचं मला माणिकप्पानं सांगितलं. माणिकप्पा त्या गाडीवरचा ड्रिलर, कर्नाटकच्या हद्दीवरचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. काम संपल्याच्या कागदावर सही घ्यायला जूनमध्ये तो माझ्या टेबलासमोर तासभर बसला होता. साहेबरावांनी स्वतःहून एवढं कधीच सांगितलं नसतं.

गाडी तळणखेड्याच्या फाट्याजवळ आली आणि रेडिएटर तापलं. पिंपातलं पाणी संपलेलं. साहेबराव म्हणाले, "चला, माझं गाव हितंच हाय. वस्तीच्या हिरीत तीन फूट पानी हाय, दोन बादल्या आणू." माणिकप्पा बादल्या घेऊन त्यांच्या मागं मैलभर चालत गेला. विहिरीवर पोहरा नव्हता, दोर नव्हता. साहेबरावांनी पिशवीतून आपली दोरी काढली, बादली बांधली आणि सोडली.

बादली दगडावर वाजली.

त्यांनी बादली वर घेतली, सोडली, पुन्हा नट बांधून नुसती दोरी सोडली. "चार टायम सोडला साब," माणिकप्पा म्हणाला. "धूळ लागून वर आला. मी म्हनलो, साब, खाली बघा की. तर ते बघंना. दोरीच सोडून राहिले."

शेजारची नागुबाई बाहेर आली. तिनं सांगितलं की विहीर होळीच्या आधीच आटली. बायका दोन कोसांवर एका मळ्यातल्या विहिरीवर जातात. मालक आपल्या हातानं वरून ओतून देतो, माणशी एक घागर, ती मिळेपर्यंत उन्हात बसून राहायचं. चांगुणाकाकू तिकडंच गेलीय, सकाळी गेलीय.

ते दोघं विहिरीच्या काठावर बसून राहिले. माणिकप्पानं विडी काढली. मग तो म्हणाला, गाडी फाट्यावरच हाय साब, गार झाली की आत घेतो. पुढच्या गावात दोन बोअर लिहिलेत, त्यातला एक हितं मारू. पाच तासांचं काम. कागदावर त्या गावचंच नाव राहू दे, कोण बघायला येतंय?

साहेबरावांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. मग म्हणाले, "त्या गावात म्या दोरी सोडलीय. तिथं बी ठणठणाट हाय."

हे ऐकताना मला राग आला होता. त्यांचा, आणि त्यांच्या त्या दोरीचा. एक बोअर इकडचा तिकडं झाला असता तर कुठं आभाळ कोसळणार होतं? आजही मला तसंच वाटतं, आणि आजही मला त्या दुसऱ्या गावाचं नाव आठवतं, ते मी माझ्याच हातानं टाइप केलं होतं.

दुपार कलल्यावर चांगुणाबाई आली. डोक्यावर घागर, तोंडावर पदर. मुलाला पाहून तिनं घागर उतरवली आणि आधी घरात जाऊन तांब्या आणला. परक्या माणसाला, म्हणजे माणिकप्पाला, पहिला दिला. तो प्याला. एप्रिलमधल्या तांब्याचं त्याला काही ठाऊक नव्हतं, तहान लागली होती. मग तिनं साहेबरावांपुढं तांब्या धरला. त्यांनी घेतला नाही.

"हीर कोरडी हाय," ते म्हणाले.

"हाव."

"मग म्या इचारलं तवा हाय कामून म्हनलीस?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. माणिकप्पा म्हणाला, बाईला खरंच कळत नव्हतं की हा काय विचारतोय. मग ती म्हणाली, "चार म्हयन्यानं लेक दारात आला. त्याला पानी न्हाई म्हनू? हापिसातून इचारून राहिलास असं तोंडानं बोलला असतास, तर दाखवलीच असती की हीर."

पिशवीतली यादी त्यांनी तिला दाखवली नाही, तिला वाचताही येत नव्हतं. तिनं विचारलं, "फाट्यावर ती मोठी गाडी कशाची हाय?" ते म्हणाले, "बोअरची." तिनं विचारलं, "आपल्याकडं येती का?" ते म्हणाले, "न्हाई."

रेडिएटरला पाणी दुसऱ्या एका ट्रकवाल्यानं दिलं आणि गाडी पुढं गेली.

ऑफिसात परत आल्यावर त्यांनी स्वतःविरुद्ध अर्ज लिहिला, की तळणखेडा वस्तीचा आकडा विहीर न मोजता लिहिला गेला, चूक माझी. तो मीच टाइप केला. दरपत्रक बदलता येत नव्हतं. टँकर मागितला तर तहसिलातून उत्तर आलं, आपल्याच तक्त्यात तीन फूट पाणी आहे. साहेबांनी अर्जावर 'नोंद घेतली' असं लिहून तो फाइलला लावला. साहेबराव रडले नाहीत, चिडले नाहीत. मी दोन-तीनदा मुद्दाम टोचून बोलले, निदान भांडतील म्हणून. ते हो म्हणाले आणि मेणकापडावर रेघ ओढत राहिले. त्या उन्हाळ्यात सगळ्यांचंच तसं झालं होतं. वाईट बातमी आली की आम्ही ती ऐकायचो आणि वहीत चढवायचो. पण त्यांचं पाहून मला भीती वाटायची.

पाऊस जुलैत आला, तोही थोडका. तोवर त्या वस्तीतल्या बायका रोज चार कोस चालल्या. जाऊन-येऊन चार, हे मला मोजता येत होतं.

पुढच्या वर्षीच्या तक्त्यात पहिलं नाव तळणखेडा होतं. दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं आणि हापसा बसला. साहेबरावांनी आईला तोवर लातूरला आणलं होतं, भाड्याच्या दोन खोल्यांत. दोरी पुन्हा खिळ्याला आली. एक फरक मात्र झाला. कुठल्याही गावात कुणी तांब्या पुढं केला तर आधी विहिरीवर जायचे, दोरी सोडायचे आणि मगच पाण्याला हात लावायचे. लोकांना तो उद्धटपणा वाटे. माझ्याकडे तशा दोन तक्रारी टपालानं आल्या, त्या मी कुणाला दाखवल्या नाहीत.

सत्त्याऐंशीच्या मेमध्ये एका दुपारी त्यांच्या घरी जायची वेळ आली. ते तापानं घरी होते आणि एका नकाशावर त्यांची सही हवी होती. लातूरला तेव्हा नळाला कधी चौथ्या तर कधी सहाव्या दिवशी पाणी यायचं. मी चालत गेले, घामानं भिजले होते. त्यांच्या मिसेस, पंचशीलाताई, शाळेत शिकवायला गेल्या होत्या. चांगुणाबाईनं दार उघडलं. लहानशी, काटक बाई. मी चौकटीला टेकून बसले आणि सहज बोलायचं म्हणून विचारलं, "आजी, येतं का हो इकडं नळाला पाणी?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "बसा. पानी घ्या."

त्या आत गेल्या. साहेबराव खाटेवरून उठले आणि त्यांच्या मागं गेले. मला दारातून दिसत होतं. आजी तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि साहेबराव रांजणापाशी थांबले. त्यांनी झाकण उचललं, आत हात घातला, खांद्यापर्यंत. हात बाहेर आला तेव्हा फक्त बोटांची टोकं ओली होती. झाकण हातात धरून ते तसेच उभे राहिले.

तांब्या माझ्यासमोर होता. आजींनी तो दोन्ही हातांनी धरला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी 'नको' म्हटलं असतं तर, बिरादारांची पोर आमच्या घरचं पाणी पीत नाही, असंच त्यांना वाटलं असतं. त्यांच्या आयुष्यात ते 'नको' किती घरांतून आलं असेल, मला माहीत होतं. एक माझ्या घरातूनही येत होतं. आणि घेतलं तर पुन्हा नळ येईपर्यंत त्या घरात, तापात असलेल्या माणसालाही, घोटभर पाणी नव्हतं.

मी साहेबरावांकडे पाहिलं. त्यांनी झाकण परत रांजणावर ठेवलं.

"प्या बाई," ते म्हणाले.

मी सगळं प्याले.